सतरा नंबरची टाकी

बुटीबोरीच्या फाट्यापुढे, नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
आम्ही जुना प्लांट उघडला.
उघडला म्हणजे झाकणं काढली.
एकेचाळीस टाक्या एका रांगेत,
वर रॉकेलचा थर, खाली आम्लाचं पाणी,
आणि मधली ती रेघ,
जिच्यावर धुर्वेंनी अठ्ठावीस वर्षं नजर ठेवली.

इथे धातू एकमेकांना बिलगून येतात,
एकाच रेशनकार्डावरची नावं असल्यासारखे.
एका टाकीत वेगळे होत नाहीत.
दुसरीत थोडे, तिसरीत अजून थोडे,
एकेचाळिसावीपर्यंत ढकलत न्यावे लागतात.
हे मला पुस्तकातून कळलं.
धुर्वेंना काचेच्या नळीतून.

नळी हलवायची, खिडकीशी धरायची.
जांभळट गुलाबी, म्हणजे नियोडिमियम.
पोपटी, म्हणजे प्रासिओडिमियम.
आणि मळकट काही दिसलं, की
"सतराचं पोट बिघडलं मॅडम.
थोडं आम्ल पाजा तिले."

माझ्याकडे चौसष्ट सेन्सर होते,
पुण्याहून आलेलं पॅनेल, बोट लावलं की उजळणारं.
जुन्या पॅनेलचे काटे उतरवताना
एका काट्यामागे
कुणीतरी शेंदराचं बोट टेकवलेलं दिसलं.
ते पुसायचं की ठेवायचं,
निविदेत काहीच लिहिलेलं नव्हतं.

पहिला आठवडा सेन्सर खोटं बोलले.
मग धुर्वेंच्या वह्या मागवल्या, बावीस,
कडेला घामाने फुगलेल्या.
आकडे कमी. "बरा." "जरासा." "भलता गुलाबी."
रात्रभर कूलरसमोर बसून
मी "बरा"चं सात पूर्णांक दोन दशांश केलं.
"भलता"ला दशांश सापडेना.

पुढे पौनीकर ठेकेदाराच्या माणसांनी
सतराखालची जमीन फोडली.
सिमेंट म्हणावं असं उरलंच नव्हतं,
पांढरट, थरावर थर,
तीस उन्हाळ्यांची गळती मुरून दगड झालेली.
नमुना लॅबमध्ये गेला.
आम्ही ट्रक भरभरून विकत घेतो त्या मालापेक्षा
आमच्या पायाखालची ढेप श्रीमंत निघाली.
साहेब खूश. जमीनच क्रशरला लावा म्हणाले.

धुर्वे हसले.
"मंग तं आम्ही पैशावरच चालून राहिलो होतो इतके वर्ष."
मग वाकून बुटाचा तळ बघितला.
"हे भी तपासता का?"

गमतीत विचारलं होतं.
मी काउंटर बुटांजवळ नेला
आणि तो टिकटिकायला लागला,
तव्यावर मोहरी पडावी तसा.

नियम सोपा आहे.
पिवळी पिशवी, दोन गाठी, रजिस्टरला नोंद:
बूट, एक जोड, नऊ नंबर.
कपाटातल्या बॅजच्या फायली मी नंतर काढल्या.
अठ्ठावीस वर्षं, दर तीन महिन्यांनी,
एकच शाई, एकच अक्षर, एकच वाक्य:
मर्यादेच्या आत.

"आणि पाय?" धुर्वेंनी विचारलं.

पायांवरून काउंटर फिरवला.
तो गप्प राहिला.
मी पुन्हा फिरवला. पुन्हा.
"झालं का हो मॅडम," ते म्हणाले, "बस जाईन माही."

ऑफिसातल्या पाहुण्यांच्या निळ्या सपाता घालून
ते गेटकडे गेले, डांबर वाचवत, कडेकडेने.
पॅनेलवर सतरा हिरवी होती.
मी तरी नळी भरली,
खिडकीशी धरली.