साल

मे महिना. पानं उमलली की औषध शेंड्यापर्यंत चढतं,
म्हणून ड्रिल आणि टाकी घेऊन मी
सेंट क्रॉय नदीकाठच्या दलदलीपाशी उतरले.
बुटांत गाळ, कानात डास,
खिशात एकतीस अ‍ॅश झाडांची यादी.

फिलोमीन आधीच येऊन बसलेली. पालथ्या बादलीवर.
"वाच," म्हणाली.
सातव्या आकड्याला तिने हात वर केला.
"ते नको."

सातवं सरळसोट. बारा फुटांपर्यंत एक गाठ नाही.
मी तळवा टेकला: साल बुचासारखी मऊ,
आत अजून कोणी नव्हतं.
वरच्या गावात आहेत.
तिथे सुतारपक्ष्यांनी टोचून टोचून खोडं पिवळी पाडलीत
आणि भुंगेरे बाहेर पडले ती भोकं
एका बाजूने सपाट, दुसरीकडून गोल,
कुणी नखाने कोरावीत तशी.

मी समजावलं.
अळी सालीखाली नागमोडी खात फिरते,
झाडाचं वर जाणारं सगळं तोडते,
चार वर्षांत उभा वाळलेला खांब.
औषध दिलं तर वाचेल.
"वाचेल," ती म्हणाली. "आणि मग मी काय करू त्याचं?"

तिने ओठ वर करून दात दाखवले.
पुढचे दोन झिजून तिरपे झालेले.
"पट्टी उभी चिरताना एक टोक इथे धरायचं असतं.
साठ वर्षं.
तुझं विष मी कुठे थुंकू?"

माझ्या यादीत याला रकाना नव्हता.

शनिवारी सातवं पाडलं.
तिचा भाचा टोमा ओंडक्याशेजारी उभा राहिला
आणि कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ठोकू लागला,
बोटभर पुढे सरकत, पुन्हा ठोकत,
दुपारपर्यंत माझ्याही दातांत ते ठोके बसले.
साल काढून झाली होती. आता सालं सुटायला लागली,
एकेक, लांब, ओलसर, रिबिनीसारखी.
हे रुंद, त्या वर्षी पाणी भरपूर.
हे कागदाएवढं, तेव्हा काय झालं होतं कोणाला आठवेना.
"टोपलीच्या बुडाला हे," फिलोमीनने एक बाजूला ठेवलं,
कुठलं ते सांगितलं नाही.

अळीला एवढं आत यावंच लागत नाही.
तिला सालीला चिकटलेलं ताजं साल पुरतं.
तेवढ्यानेच संपतं.

बाकीच्या तिसांना मी औषध टोचलं.
प्रत्येकाच्या बुंध्याला फिलोमीनने लाल चिंधी बांधली,
गाठ दोनदा ओढून:
हे बियांसाठी. हे तोंडात घालायचं नाही.
गेल्या शरदातल्या बिया तिच्या फ्रीझरमध्ये आहेत,
जॅमच्या बरणीत, मूसच्या मांसाखाली.
मातीत गेल्यावरही बी दोन हिवाळे हलत नाही.
मग टोपलीजोगं खोड व्हायला पन्नास वर्षं, साठ.
मी मनात बेरीज केली. तिनेही केली असावी,
कारण ती एकदम हसली
आणि एक पट्टी माझ्यासमोर धरली.
"चीर."

मी टोक तोंडाजवळ नेलं.
"आधी हात धू," ती ओरडली.

नदीवर जाऊन कोपरापर्यंत धुतले, वाळूने घासले.
परत आले. तिने माझी बोटं हुंगली,
मान हलवली,
आणि मला पुन्हा पाण्याकडे पाठवलं.