पांढरं म्हणजे तापलेलं

पांढरं म्हणजे तापलेलं, काळं म्हणजे गार.
एवढं सांगून पुण्याहून आलेल्या माणसानं
आमच्या स्टेशनाच्या भिंतीला पंजा टेकवला
आणि काढून घेतला.
पडद्यावर पंजा तसाच राहिला,
पाच बोटं, उजळ,
मग कडेकडेनं विरत गेला.
आम्ही सगळ्यांनी पोरांसारखे भिंतीला हात लावून पाहिले.
जंबू आवटींनी लावला नाही.

आवटी लीडिंग फायरमन. अठ्ठावीस वर्षं
दारामागची आग त्यांनी उलट्या हातानं ओळखली.
तळवा लावायचा नाही, मागची बाजू लावायची,
चटका बसला तरी
नळी धरायला तळवा शाबूत राहतो.
थर्मल कॅमेऱ्यासाठी तीनदा अर्जही त्यांनीच केलेला.
का, ते कुणी विचारलं नव्हतं.

एप्रिलात, सौदे जोरात असताना,
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामाला लागली.
हळद भडकत नाही, धुमसते,
थप्पीच्या तिसऱ्या रांगेत, पोत्याच्या पोटात,
मनात धरून बसल्यासारखी.
धूर असा, की स्वतःचं कोपर दिसेना.
मास्क लावायच्या आधीच घशात
लग्नघर जळाल्याचा वास.
बाहेर मुकादम ओरडत होता,
मलकारी आत आहे, जतचा मलकारी,
पाळी संपली की थप्पीमागं झोपतो तो.

आम्ही गुडघ्यांवर आत गेलो.
माझ्या हातात तो डबा,
आवटींचा हात माझ्या खांद्यावर.
पडद्यावर पत्रे पांढरे, थप्प्या राखाडी,
मधेच एखादं पोतं
आत दिवा लावून ठेवल्यासारखं.
आणि समोर माणूस!
गुडघ्यांवर, माझ्याकडंच तोंड करून.
सापडला, मी ओरडलो. हात केला.
त्यानंही केला.
"ऑफिसची काच आहे ती," मास्कमधून आवटी.
"तूच आहेस. पुढं चल."

पुढं काय शोधायचं तेच कळेना.
माणूस म्हणजे ऊब, असं धरून आलो होतो,
आणि इथं भिंती तापलेल्या, हवा तापलेली,
यात सदतीस अंशांना कोण विचारतो?
"उजेड बघू नको," आवटी म्हणाले.
"काळं शोध."

वजनकाट्याच्या आडोशाला, जमिनीलगत
एक काळा डाग.
पाय पोटाशी घेतलेला,
ओलं बारदान अंगावर ओढलेला.
सगळ्या गोदामात तेवढंच गार.
जिवंत, म्हणून गार.

तिसऱ्या दिवशी सिव्हिलच्या कॉटवर
मलकारीनं विचारलं, "मी त्यात कसा दिसलो?"
"काळा."
"आन् ते बघायला एवढं महागाचं मशीन?"
हसता हसता खोकला,
रुमाल पिवळा झाला त्याचा.

पण त्या पहाटेचं सांगायचं राहिलं.
यार्डातून पिवळं पाणी गटारीकडं चाललं होतं,
आमच्या गमबुटांना हळद लागलेली.
थप्प्या उपसून एकेक पोतं कॅमेऱ्यापुढं धरायचं,
आत पांढरं दिसलं की फाडायचं, भिजवायचं.
सहाला चहा आला.
मी सहज कॅमेरा आवटींकडं वळवला.
कपातला चहा पांढराशुभ्र.
त्याभोवती डावा हात,
अंगठा उजळ, पुढची दोन बोटं उजळ.
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं.
तिथून मनगटापर्यंत
हाताची सगळी मागची बाजू काळी.

त्यांनी पडद्यात पाहिलं, बराच वेळ.
"दोन वर्षं झाली," म्हणाले,
"दार गरम का गार, कळत नाही."
मग कप उजव्या हातात घेतला.
"बंद कर ते. बॅटरी संपते.
अजून अर्धं गोदाम बाकी आहे."