तिसऱ्या सिलिंडरची नोंद

तेलाचा दाब शून्य.
मग शंभर. मग चार.
इंजिन मात्र एका तालात,
पिठाच्या गिरणीसारखं, आपल्याच नादात.

विट्याबाहेर, मायणी रस्त्याला,
कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये
आठ वर्षं जोडतोय हे विमान.
पंख भिंतीला टेकवून ठेवलेत,
दोन्ही लावले तर दारातून निघत नाही.
गावात विचारतात, उडलं का वो?
मी सांगतो, काटे एकमेकांशी जुळत नाहीत अजून.
ते मान हलवतात,
आजारी माणसाच्या घरून निघताना हलवतात तशी.

निजाम मुलाणी आला स्टँडमागून.
ट्रॅक्टरचं वायरिंग करतो, विमान पहिलंच.
भोवती एक फेरी मारून म्हणाला,
"ह्याला क्लच न्हाई व्हय?"
मग म्हणाला, "अर्थिंग बघितलंसा?"
मी दुखावलो जरा.
प्रत्येक वायरला रंग आहे माझ्याकडे, चिठ्ठी आहे,
वहीत पान आहे.

चुलते आले. आप्पा.
तीस वर्षं त्रिचूरला गलाईचा धंदा,
मुशीतल्या सोन्याचा रंग बघून
आच किती ते सांगायचे.
खुर्ची ओढून एक्झॉस्टकडे बघत राहिले.
"साडेसातशे," म्हणाले, ठाम.
इंजिन बंद होऊन अर्धा तास झाला होता.
मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय.

मग पुन्हा चालू केलं, आणि निजामनं
सहज रेडिओचं बटण दाबलं.
सगळे काटे एकदम उडाले,
पाखरांच्या थव्यात दगड पडावा तसे.
सोडलं, बसले.
दाबलं, उडाले.
"पोरं न्हाईत वाईट," तो म्हणाला,
"घराचं दार वाजतंय."

मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या उण्याला,
दुसरी इंजिनच्या अंगाला.
तिथं काहीच दिसायला नको होतं.
तिथं अर्धा व्होल्ट दिसला, वर थोडा.

अर्थिंगचा बोल्ट खोलला.
खाली निळा रंग.
दोन हात, त्यावर लॅकर, आरशासारखा.
मीच दिलेला, दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी,
कुणी बघणार नाही अशा जागी
चांगलं दिसावं म्हणून.

पॉलिश पेपरनं घासत बसलो.
निळी भुकटी, मग करडी,
मग उघडं, पांढरं, नागडं ॲल्युमिनियम.
दातेरी वॉशर, जाड तारेची वेणी, आवळा.
काटे बसले. शहाण्यासारखे.
निजामनं बिडी पेटवली, मी म्हटलं बाहेर जा,
पेट्रोल आहे.

एकटा तिसरा बसेना.
दोनशे चाळीस, आणि चढतोच आहे.
हा तर पहिल्या दिवसापासून खोटारडा.
मागच्या महिन्यात प्रोब बदलला,
दोनचा तीनला लावला, तीनचा दोनला,
आकडा तिसऱ्याकडेच राहिला.
मी वायरला शिव्या दिल्या, वायर बदलली.
मग मीटरला.

आता प्रोब काढून चहाच्या पातेल्यात सोडला.
पाणी खळखळतंय, आकडा अठ्ठ्याण्णव.
बघ, म्हटलं, शंभरसुद्धा सांगता येत नाही ह्याला.
आणि तोंडातून शब्द गेला न गेला तोच
आठवलं, विटा समुद्रापासून उंच आहे.
इथं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं.
इतकी उंची त्यानं मोजली होती,
जमिनीवर बसून.

टॉर्च घेऊन तिसऱ्याच्या पाठीमागे वाकलो.
वारा जायच्या पात्यांमध्ये
कुंभारणीचं घर.
ओल्या मातीचे गोळे एकावर एक,
बोटभर लांब, वाळून दगड झालेले.
आप्पांनी हातात घेऊन वास घेतला.
"तळ्याची माती," म्हणाले.
ह्यावेळी बरोबर असावेत, तळं मागेच आहे.

काडीनं कोरून काढलं.
आत कोळ्यांची शेव, अळी नव्हती, उडून गेली होती.
इंजिन चालवलं दहा मिनिटं. एकशे ऐंशी. स्थिर.

निजामनं दोनशे घेतले, शंभर परत दिले,
"पयलं इमान," म्हणाला.

वहीत मागे गेलो.
"सिलिंडर तीन: सेन्सर खोटा" अशा अकरा ओळी,
माझ्याच अक्षरात, तारखांसह.
खोडल्या नाहीत.
खाली एवढंच लिहिलं:
सेन्सर ठीक. मागे बघितलं नव्हतं.