झरे येथील अर्थिंग

गावाचं नाव झरे.
दीड फुटावर खडक लागतो
हे मला खड्डा खणणाऱ्या सोपान हाक्यांनी सांगितलं,
पैसे घेतल्यावर.

दूध संकलन केंद्रात सकाळी सहाला रांग.
ओली फरशी, अनवाणी पाय.
नवा इन्व्हर्टर बसल्यापासून, लाईट गेली की
गजराकाकू मेटकरी टाकीला कॅन टेकवताना म्हणायच्या,
"चावतंय गं हे."
सचिव म्हणाले, थंडीनं मुंग्या येतात.
मे महिना होता.

मी मीटर लावला.
मंडळाची लाईन बंद, इन्व्हर्टर चालू.
फेज ते माती : एकशे अठरा.
न्यूट्रल ते माती : एकशे बारा.
ज्या तारेपुढं आयटीआयच्या पेपरात
शून्य लिहून मी पाच मार्क मिळवले होते,
ती अर्ध्यावर लटकत होती
जमिनीशी ओळखच नसल्यासारखी.
टेस्टर दोन्हीकडं मिणमिणला.
फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब धरला.
पेटला नाही.
सचिव म्हणाले, बघा, काही धोका नाही.
मला त्या न पेटलेल्या बल्बचीच भीती वाटली.
परतीची वाट नसली की करंट वाहत नाही,
वाहिला नाही की ट्रिपला कळत नाही,
दुसरा दोष येईपर्यंत सगळं शांत,
केंद्र, टाकी, सचिव.

इन्व्हर्टरच्या तोंडाशी, चेंजओव्हरच्या अलीकडं,
न्यूट्रल आणि अर्थ एका जोडात घेतले.
सहा एमएमची हिरवी तार. आवळली, ओढून बघितली.
मग हौसेनं
बोर्डातल्या पट्टीवरही तशीच गाठ मारली.
आईनं परकराच्या नाडीला दोन गाठी शिकवल्यात मला.

लाईन आली. खट्.
वर केलं. खट्.
रांगेत कुणीतरी म्हणालं, पोरीला पाठवलंय.

विट्याला दिलावरचाचांना फोन लावला.
त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का.
मग : गाठी किती?
दोन.
बराच वेळ नुसता त्यांच्या दुकानातला पंखा ऐकू आला.
"मंडळाची गाठ डीपीखाली मारलेलीच असती.
इन्व्हर्टरची, इन्व्हर्टरपाशी. ज्याची वीज, त्याची गाठ.
आणखी कुठं बांधलीस तर न्यूट्रलचा माल
अर्थच्या तारेनं घरी जायला लागतो.
ती तार रस्ता नव्हं, बेटा.
बंबासाठी मोकळी ठेवलेली बोळ हाय ती."

बोर्डातली सोडली.
वाकलेलं तांब्याचं टोक छाटून खिशात टाकलं.
लाईन बंद, इन्व्हर्टर चालू, परत बल्ब धरला.
उजेड डोळ्यात शिरायच्या आत ट्रिप पडला.
पुन्हा केलं,
दुसऱ्यांदा फक्त ऐकायला.

उरला खड्डा.
मीठ, कोळसा, पाईप, वर सिमेंटचं झाकण,
आत वैशाखाची भुकटी.
टँकर आठवड्यातनं दोनदा.
रोज पाणी ओता यात, मी म्हटलं
आणि जीभ चावली.
काय उगवणार हाय त्यात, एकानं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
पुढचं वाक्य सापडेना.

आठ दिवसांनी बिल घेऊन गेले.
जोड, एक नग.
दोन मारल्या होत्यास ना, सचिवांनी विचारलं.
सोडायचे पैसे घेत नाही.

लाईट गेलेली.
गजराकाकूंनी कॅन रिता केला,
टाकीला टेकवला, काही बोलल्या नाहीत.
ओंजळभर पाण्यानं कॅन विसळला,
ते पांढुरकं पाणी फेकायला दारापर्यंत गेल्या,
थांबल्या,
पायानं खड्ड्याचं झाकण सरकवलं.

मीटरवर शून्य पूर्णांक तीन.
मातीला
नासक्या दुधाचा वास येत होता.