विचारलंच आहेस म्हणून

विचारलंच आहेस म्हणून सांगतो, ओजस,
नाहीतर मी उगाच मतं देत नाही.
(मावशी स्वयंपाकघरात हसली, तिकडे लक्ष देऊ नकोस.)

ही वीस इंची अलॉय चाकं काढून टाक.
त्यांच्यावरचं रबर बघ, जेमतेम भाकरीएवढं.
गंगापूर रोडच्या कॅफेबाहेर ठीक आहेत,
तिथे गाडीला नुसतं उभंच राहायचं असतं.
हरसूलच्या वाटेला मात्र एक दगड पुरे,
रिम अशी दुमडते
की ती ठोकून गोल करणारा हात
द्वारका ते आडगाव आता एकही उरला नाही.
लोखंडी चाक वाकतं, सरळ होतं, परत वाकतं.
सव्वीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये काढली मी,
धातूचा स्वभाव मला माणसांच्या आधी कळतो.

दुसरं म्हणजे,
छतावर फावडं, शिडी, जेरीकॅन बांधून
मॉलच्या पार्किंगमध्ये शिरणाऱ्यांना
मी मनातल्या मनात दंड करतो.
फावड्याला माती नसेल तर दुप्पट.

आणि ट्रक?
ट्रक हा वाद घालायचा विषयच नव्हे.
पहाटे चारला आडगाव नाक्यावर जाऊन उभा राहा.
पिंपळगावहून कांदा भरून आलेला दहा चाकी
थांबताना जो सुस्कारा टाकतो, तो ऐक.
पाट्यांची एकेक पट्टी ताणलेली,
आणि मागच्या फळीवर रंगवलेलं:
मालक एक, हप्ते छत्तीस.
तिथेच कुंजुमोन बसतो, पंक्चरवाला.
तीस वर्षं नाशकात, मराठीत अजून फक्त आकडे बोलतो.
टायरवर तळवा ठेवून म्हणतो, नव्वद.
गेज लावावं तर नव्वदच.
दोनदा पैज हरलोय मी त्याच्याशी, भज्यांसकट.

आता एक गोष्ट, जी मी क्लबात सांगत नाही.

मागच्या भाद्रपदात, वाघेरा घाटापलीकडे,
माझी जीप, माझी स्वतःची,
फोर बाय फोर, लो रेशो, सगळं लावून
भाताच्या खाचराच्या कडेला बसली.
बसली म्हणजे म्हैस बसते तशी,
स्वतःच्या मर्जीनं.
मी गिअर बदलले, शिव्या बदलल्या,
दोन डॉक्टर मित्रांना खाली उतरवून ढकलायला लावलं.
चाकं जागच्या जागी फिरत राहिली,
आणि डॉक्टर चिखलानं माखत राहिले.

वरच्या रस्त्यावर एक पिकअप थांबली,
गिरणाऱ्याला टमाटे घेऊन निघालेली.
उतरली ती विशीतली पोरगी, सगुणा मेंगाळ.
पंजाबी ड्रेसवर भावाचा शर्ट, पायात रबरी बूट.
तिनं माझं व्याख्यान पुरतं ऐकलंही नाही.
करवंदीची काटकी मोडली,
खाली वाकली, व्हॉल्व्हला टोचली.
फुस्स.
एकेक करून चारी चाकं.
म्हणाली, "बाबा, हवा लय हाय."
पुढे काहीच नाही.
मी क्लच सोडला
आणि गाडी निघाली,
झोपेतल्या मुलाला कुणी अलगद कडेवर घ्यावं तशी.

तिच्या पिकअपचे टायर मी नंतर पाहिले.
चारही गुळगुळीत, नदीतले गोटे.
मी त्यांच्यावर फाटकाबाहेरसुद्धा गेलो नसतो.
ती गेली घाट उतरून, एक हात खिडकीबाहेर.

आम्ही मऊ चाकांवर, वीसच्या वेगानं
गिरणाऱ्याच्या पंपापर्यंत आलो.
कुणी बोलत नव्हतं.
हवा भरणाऱ्या पोरानं नळी उचलली,
विचारलं, काका, किती?
बत्तीस माझ्या जिभेवरच होतं,
पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस,
उन्हाळ्यात दोन कमी, याचं सविस्तर कारण.
म्हटलं,
तूच बघ, तुला काय वाटतं?

त्यानं टायरकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.

असो.
अलॉय मात्र काढच.