प्लस-मायनस

बुशचं भोक मी बोटानं सांगतो,
बरोबर आहे की वीस मायक्रॉन जास्त.
तरी गेज लावायचाच. गो आत गेला पाहिजे,
नो-गो अडला पाहिजे.
बावीस वर्षं अंबडला हेच केलं.

मग जर्मनीच्या साहेबानं पडद्यावरून काहीतरी विचारलं
आणि मी म्हणालो, येस सर, अंडरस्टुड.
चारशे बुश परत आले, समुद्रानं.
मॅनेजर ओरडला नाही. त्यानं क्लासची फी भरली.

तर आता मंगळवार, गुरुवार
सातपूरला, झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिन्यानं.
गांगुर्डे मॅडम. वय माझ्या नोकरीएवढं.
हजेरीला 'पोपट निरभवणे' म्हणतात
आणि मागच्या बाकावरची पोरं खोकतात.

मॅडम फळ्यावर लिहितात:
आय थिंक आय फॉलो.
इफ आय अंडरस्टँड करेक्टली.
आय माइट बी राँग, बट.
आय ॲम नॉट शुअर आय गेट इट.
म्हणा, काका.
म्हणतो. पोपटच मी.

पण घोकता घोकता अडखळलो.
अरे, हा तर टॉलरन्स आहे.
कळण्यालाही प्लस-मायनस लावून ठेवलंय या लोकांनी!

आम्हाला शाळेत एकच विचारायचे, कळलं का?
आणि उत्तर छडीच्या मापाचं, हो गुर्जी.
पुढं डॉक्टरला हो. बँकेतल्या बाईला हो.
वडील जाताना काहीतरी पुटपुटले,
त्यांनाही हो, हो, कळलं, पडा तुम्ही.
काय म्हणाले होते ते अजून कळलेलं नाही.

जिना उतरताना मॅडमना विचारलं,
मराठीत नाही का असलं काही?
आहे की, काका.
कळलं असेल. कळलं असावं. कळल्यासारखं वाटतंय.
फक्त आपण ते दुसऱ्याबद्दल बोलतो.

घरी छबू दाण्याचं कूट करत होती.
खलबत्त्याच्या आवाजातच म्हणाली,
दिवाळीनंतर मशीन विकून टाकू. नको आता शिवणकाम.
का गं?
त्यावर ती तेच म्हणाली, जे लग्नापासून म्हणते,
जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं.

हेही एक वाक्यच. नो-गो.
एरवी मी तिथंच अडतो,
टीव्ही लावतो.

पण संध्याकाळभर घोकून जीभ सैल झाली होती.
म्हणालो, माझं चुकत असेल,
पण मला जर बरोबर कळत असेल, तर
डोळ्यांमुळे म्हणतेस ना? दोरा ओवता येत नाही म्हणून?

छबूनं वर पाहिलं,
तोंडाला वास येतोय का, तसं.
नाही, म्हणाली. डोळ्यांचं नाही.
मग बत्ता खाली ठेवला,
हाताला लागलेलं कूट झटकलं
आणि कुठून सुरू करावं ते शोधत बसली.

तिचं सांगून होईस्तोवर साडेदहा वाजले.
भाजी फोडणीला पडलीच नाही, लोणच्याशी भाकरी खाल्ली.
निम्मंशिम्मं कळलं असावं मला.
हो, कळलं, असं मात्र एकदाही म्हणालो नाही.

शुक्रवारी जर्मनीचा फोन आहे.
तो सोपा जाईल.