एका मात्रेची जागा

आई येणारच नव्हती.
"मेलेल्यांचा सत्कार करा, ते नाही म्हणत नाहीत,"
असं तिने निमंत्रणाच्या पाठीवर लिहिलं
आणि त्याखालीच किराण्याची यादी केली.
मग शुक्रवारी संध्याकाळी सहाला
जांभळा कोट घालून दारात उभी:
"गाडी काढ."

डेटनच्या पश्चिमेला, ओढ्याच्या अलीकडे,
जुन्या चर्चचं आता सभागृह झालंय.
बाकांवर गाद्या आल्यात, छत तेच गळकं.
दारात पोस्टर: थर्सडे गर्ल्स, बावन्न वर्षं.
ड्रममागे ओझेला, पुढे लव्होनिया,
क्लेमेंटीनने ट्रम्पेट धरलाय कुणावर तरी रोखल्यासारखा,
आणि कडेला, बेस गिटारच्या वजनाने
एका खांद्यात कललेली व्हर्लीन पेटवे,
माझी आई,
माझ्याहून वयाने लहान.
चौघींतली एवढीच उरलीय.

गुरुवारच का?
त्यांच्या आया गोऱ्यांच्या बंगल्यांत राबायच्या,
सुट्टी तेवढ्याच दिवशी.
आया घरी, म्हणून धाकटी भावंडं सांभाळण्यातून पोरी मोकळ्या,
आणि टॅलिफेरो अंत्यविधीवाल्यांच्या गॅरेजात
रिकाम्या शवपेट्यांवर गिटारी टेकवून तालीम.

रेकॉर्डच्या पाकिटावर मात्र
बेसपुढे एका पुरुषाचं नाव छापलेलं.
कोण तो, आई आजही सांगू शकत नाही.
"भला माणूस असेल," म्हणते,
"थेट माझ्यासारखंच वाजवायचा."

पुढे एकतीस वर्षं पोस्टात रात्रपाळी.
फंक म्हणजे काय, ते मला एकदाच सांगितलं तिने,
भांडी विसळताना, पाठमोरी:
"सगळं उधार ठेव. पहिला ठोका रोख दे."

दिवे गेले. पाच पोरी मंचावर आल्या,
त्यांतली एकही ते गाणं निघालं तेव्हा जन्मली नव्हती.
सम पडली ती कानात नाही,
बाकाच्या लाकडातून वर आली, माकडहाडात.
पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डीकनची
आधी मान हलली, मग खांदे,
मग देवाच्याच जुन्या घरात कंबर.
आई दगड.
फक्त बाकाच्या कडेवर
तिची उजव्या हाताची दोन बोटं चालत होती,
एकामागून एक, कुठेतरी वेळेवर पोचायचं असल्यासारखी.

तिसरं कडवं.
रेकॉर्डवर जिथे बेस नाहीसा होतो,
एक मात्रा, फक्त एक,
तिथे झराया नावाच्या त्या पोरीने तारांवरून हात उचलला.
जिना उतरताना अंधारात
एक पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि ती नसावी,
तसं अख्खं सभागृह.
लोक किंचाळले आनंदाने.
आई हसली, मोठ्याने, भलत्याच वेळी.

नंतर मागच्या दारात, घामाने निथळत, झराया:
"मॅडम, ती जागा तुम्हाला सुचली कशी?
कॉलेजात आम्ही एक अख्खा तास त्यावरच..."

"तार तुटली," आई म्हणाली.
"स्टुडिओ तासावर घेतलेला, पुन्हा वाजवायला पैसे कुठले?
उरलेलं गाणं तीन तारांवर ढकललं.
ओझेलाला सातवा महिना, हसता हसता कळ आली तिला.
तीही आहे रेकॉर्डवर. नीट ऐक."

पोरीचा चेहरा पडला.
आईने तिचा डावा हात ओढून घेतला,
बोटांच्या टोकांचे घट्टे एकेक दाबून पाहिले,
बाजारात भेंडी पाहावी तसे.
"माझी तुटली, म्हणून मी थांबले.
तुझ्या चारही शाबूत होत्या.
तरी थांबलीस."
आणि हात सोडला नाही बराच वेळ.

परतताना ती गप्प.
थर्ड स्ट्रीटच्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं,
कोट तिथेच राहिलाय, पोस्टरखालच्या खुर्चीवर.
बाहेर नोव्हेंबर, काच धुरकटलेली.
"वळवू गाडी?"

"राहू दे," आई म्हणाली.
"ओझेलाला नेहमीच थंडी वाजायची."